मनकर्णाच्या टेबलाची उंची

४ ऑगस्ट
कॉलेजात दोन्ही कोर्स आजपासून सुरू. स्त्री अभ्यासाचा 'घर, श्रम आणि स्त्री' माझाच. पारंपरिक सुतारकामही माझ्याच गळ्यात, कारण मी कुणाला नाही म्हणत नाही हे प्राचार्यांना ठाऊक आहे. नुसती हजेरी घेण्यापेक्षा स्वतः शिकायचं ठरवलं. बायकोसाठी, मनकर्णासाठी, लिहायचं टेबल करणार. ४ ऑक्टोबरला, तिच्या वाढदिवशी, तयार. तिला जाऊन चौदा महिने झाले म्हणून काय झालं? शब्द म्हणजे शब्द. २००६ साली दिला होता.

६ ऑगस्ट, दुपारी ४
स्वयंपाकघरात डबा सरकल्याचा आवाज. गव्हाचा डबा. त्याच्यावर बसून, मांडीवर वही घेऊन ती बी.ए. झाली. डायनिंग टेबलावर माझे पेपर असायचे.
उंदीर असणार. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. अंधश्रद्धेवर माझी एकवीस व्याख्यानं झालीत. पिंजरा आणला.

८ ऑगस्ट
सुतारकाम शिकवायला सहदेव मिस्त्री येतात. मूळचे पातूरचे, हल्ली बडनेऱ्याला मुलाकडे. त्यांची पद्धत अशी की टेबलाला टेप लावायची नाही. बसणाऱ्या माणसाला बसवायचं, कोपर कुठं येतं पाहायचं, तिथं फळी. म्हणाले, टेबल कोनासाठी? मी म्हणालो, घरच्यांसाठी. मंग बाईले घेऊन या, म्हणाले.
अकोल्याला लेकीकडे गेलीय, असं मी सांगून टाकलं. का सांगितलं कळत नाही. पुढच्या वेळी खरं सांगायचं.

१४ ऑगस्ट
मिस्त्री म्हणाले, काहून सर, बाई नाही आली अजून? मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येईल.
उंची काढणं अवघड नाही. सव्वीस वर्षांचा संसार. माझ्या खांद्यापर्यंत यायची. किंवा हनुवटीपर्यंत. अल्बम काढला. लग्नाच्या फोटोत बसलेली आहे. पुढच्या फोटोंत मी, लेक दीक्षा, मी, माझा सत्कार, दीक्षा. ती नाहीच. फोटो तीच काढायची.

२२ ऑगस्ट
असाइनमेंट दिली: घरातल्या एका बाईचा एक दिवस, तासावार. नमुना म्हणून मनकर्णाचा दिवस स्वतः लिहून वाचला. पाच ते दहा एकदम बारीकसारीक. माझ्या शर्टाची इस्त्रीसुद्धा लपवली नाही. आजकाल असा पुरुष दिसत नाही. दहा ते पाच: विश्रांती.
प्रियदर्शनी नावाची मुलगी उभी राहिली. म्हणाली, सर, सात घंटे आरामच करत होत्या काय? तुमी तवा कोठी होते? वर्ग हसला. चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला घेऊ, असं म्हणालो.
पुढच्या तासाला रजा टाकली.

२९ ऑगस्ट
पिंजऱ्यात उंदीर नाही. भाकरीचा तुकडा तसाच. चार वाजता डबा सरकतोच. पिंजराच खराब आहे.
एक युक्ती सुचली. पिठाचा हात ती चौकटीला टेकवायची, तिथं डाग होता. त्यावरून हिशेब लागला असता. पण गेल्या वर्षी रंग दिला. तो डाग आधी घासून काढ, हे पेंटरला मीच बजावलं होतं. गुळगुळीत चौकटीवरून बराच वेळ हात फिरवला.

४ सप्टेंबर
वर्कशॉपमध्ये रंधा मारत होतो. डाव्या बाजूला ती येऊन उभी राहिली. मी पाहिलं नाही. विज्ञाननिष्ठ माणसानं अशा वेळी पाहायचं नसतं. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. तिची नाही. तिनं काही विचारलं तर काय सांगू, याची.
मिस्त्री चहाला गेले तेव्हा टेप काढली, एक टोक जमिनीवर पायानं दाबलं आणि डावीकडे हवेत वर वर नेली. कुठं थांबायचं ते कळेना. इतक्यात इतिहासाचे किशोर सर डोकावले. म्हणाले, काय मोजून राहिले? मी म्हणालो, व्हेंटिलेशन.

१२ सप्टेंबर
दीक्षाला फोन केला. विचारायचं एकच होतं. पण बापानं मुलीला, तुझी आई केवढी होती, असं विचारायचं कसं? पावसाचं विचारलं. अकोल्यात ऊन आहे.

१८ सप्टेंबर
प्रश्न मिटला. मिस्त्रींना ठणकावून सांगितलं, बाईंना वेळ नाही, माझ्या मापानं करा, उंची साधारण सारखीच. मंग बसा, म्हणाले. बसलो. कोपर टेकवलं. त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. निर्णय घेता आला पाहिजे.

४ ऑक्टोबर
टेबल घरी आलं. सागवान, खाली खण. दीक्षा अकोल्याहून आली. मिस्त्री टेम्पोसोबत आले होते. म्हणाले, आदी बाईले बसू द्या.
दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवर, लग्नाच्या फोटोतून मोठा करून हार घातलेल्या आईच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं.
मिस्त्री खाली बसले. म्हणाले, सर, मले सांगाचं होतं. मेलेल्या माणसाचंबी माप निघते, घरच्याले पुसलं की.
दीक्षा बसून पाहू लागली. खांदे वर उचलावे लागले. म्हणाली, बाबा, हे तर तुमच्या मापाचं आहे. आई माह्यापेक्षा दोन बोटं बुटकी होती. हिशेब नाही, विचार नाही, पटकन सांगितलं. फोनवरही इतक्याच पटकन सांगितलं असतं.
मिस्त्रींनी तिचं कोपर पाहिलं, अंदाज धरला आणि अंगणात चारही पाय कापले. मी थांबा म्हणालो नाही.
पाचच्या गाडीनं दीक्षा गेली. दार लावलं आणि टेबलाशी बसून पाहिलं. गुडघे खणाला अडतात, आत जातच नाहीत. तिरका बसलो, तरी नाही.
हे उभ्यानं लिहितोय.