शाल, श्रीफळ आणि सेमीफायनलचा दुसरा सामना

अल कुसैस, दुबई
१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वसंतराव दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. नेहमीपेक्षा मान थोडी जास्त वाकवून केला आहे, तो का हे पुढे कळेल.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालू आहेत की नुसतं तेल चोळणं चाललंय? (तेल कातडीतून सांध्यात जात नाही. मी यावर सगळं वाचून काढलं आहे.) अक्काची शुगर आटोक्यात असावी. मी, प्रज्ञा आणि इशिता तिघंही तब्येतीने ठीक आहोत. पत्र हाताने लिहिलेलं बघून दचकू नका. तुमचा फोन दिवसभर अक्काच्या हातात असतो, आणि हा मजकूर तिच्या नजरेला आधी पडता कामा नये. शेजारचा जहूरभाई सहा तारखेला रत्नागिरीला सुट्टीवर निघतोय, तो तिथून पोस्टात टाकेल. तेव्हा हे एकट्याने वाचा, शक्यतो गच्चीवर.

इशिताचं तुमच्या कानावर नाही. तिच्या ऑफिसात मार्लन नावाचा फिलिपिनो मुलगा आहे. वडील रोडेल एसीच्या कामाचे फोरमन, आई लिगाया दवाखान्यात नर्स, राहायला करामाला. दिवाळीत इशिताने मला समोर बसवून सांगितलं की तिला याच्याशी लग्न करायचंय. मी ‘बघू’ म्हणालो, आणि तेव्हापासून बघतच होतो. माझा विरोध जातीधर्मावरून नाही, मुलाच्या स्थैर्याबद्दल मला काही तांत्रिक शंका आहेत, असं मी प्रज्ञाला सांगितलं. (तुम्हाला खरं सांगतो, जातीधर्मावरूनच होता. मुलाची नोकरी माझ्यापेक्षा स्थिर आहे.) त्यात अक्काने इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना जवळजवळ शब्द दिलेला. बाप म्हणून मी काय करायला हवं होतं? काहीतरी ठरवायला हवं होतं. मी त्याऐवजी फुटबॉल शिकलो.

हसू नका, त्यामागे विचार होता. प्रज्ञाने त्या मंडळींना २९ डिसेंबरच्या रविवारी घरी जेवायला बोलावलं, ‘नुसती ओळख’ म्हणून. आता अशा ओळखीत दुसऱ्या वाटीभर आमटीनंतर लग्नाचा विषय निघतोच. तो निघू नये म्हणून संध्याकाळभर पुरेल असा दुसरा विषय हवा होता. इशिता बोलता बोलता म्हणाली होती की हल्ली रोडेल आग्नेय आशियातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत बुडालेला असतो. म्हटलं, सापडलं. तुम्हाला माहीतच आहे की डिप्लोमा अर्धवट सुटला तरी मी कुठल्याही गोष्टीत मागे राहिलेलो नाही. ड्रॉइंग वाचायला मी स्वतः शिकलो, कॉम्प्युटर स्वतः शिकलो. फुटबॉल किती दिवस लागणार? बसमध्ये जातायेता व्हिडिओ बघितले, ऑफसाइडच्या आकृत्या स्वतः काढल्या. शिवाय मी कोल्हापूरचा. इथे कुणाला काय ठाऊक की आपल्या गावच्या तालमींच्या फुटबॉल सामन्यांना मी स्टेडियमबाहेर भडंग खायला जायचो? इशितामार्फत मी रोडेलला निरोपही पाठवला की माझे दाजी पेठेच्या संघाचे गोलकीपर होते आणि हा खेळ आमच्या घराण्यातच आहे. (दाजी आले म्हणजे घराणं आलंच, या हिशेबाने.)

मग स्पर्धेचं वेळापत्रक छापून घेतलं आणि तिथे माझं पाऊल घसरलं. सेमीफायनलच्या रकान्यात लिहिलं होतं, २७ डिसेंबर, फिलिपाइन्स विरुद्ध थायलंड. त्याखाली ३० डिसेंबर, थायलंड विरुद्ध फिलिपाइन्स. दाजी, मी इथे दोन दशकं स्टोअर्स सांभाळतोय. एकच माल नावांची उलटापालट करून दुसऱ्यांदा बिलात घुसवणारे सप्लायर मी डोळे मिटून ओळखतो. मला ते बघताक्षणी कळलं की ही डुप्लिकेट एंट्री आहे. सिंगापूर आणि व्हिएतनामचंही तसंच केलेलं. इतकी मोठी स्पर्धा आणि कुणी तपासून बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. मी दोन्ही डुप्लिकेट ओळींवर लाल पेनाने काट मारली, दुरुस्त प्रत ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, आणि आयोजकांना सौम्य शब्दांत ई-मेलही केला. (उत्तर अजून नाही. येऊ नये अशी आता प्रार्थना आहे.)

शुक्रवारी संध्याकाळी फिलिपाइन्सने थायलंडला मनिलात हरवलं, अगदी शेवटच्या मिनिटांत गोल करून. पन्नासहून जास्त वर्षांनी त्यांनी थायलंडवर मात केली, असं बातमीत होतं. माझ्या हिशेबाने ते फायनलमध्ये पोचले. आणि मला ती कल्पना सुचली जिच्यामुळे आज हे पत्र लिहिण्याची वेळ आली. सत्कार. रोडेलचा, त्याचा देश फायनलला पोचला म्हणून. घरात सत्कार ठेवला की दीड तास आरामात जातो. प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, दोन शब्द, आभार. इतकी वर्षं इथल्या मराठी मंडळात हेच बघत आलोय. सत्कार चालू असताना पोरीच्या लग्नाचा विषय काढण्याची कुणाची टाप नसते.

शनिवारी शाल आणली, दीडशे दिरहमची (म्हणजे आपले साडेतीन हजार. घासाघीस केली होती). शेंडीचा नारळ, पेढे. फेटा घरात होताच. रविवारी मंडळी आली. रोडेल सुटात, लिगाया त्यांच्याकडच्या फुगीर बाह्यांच्या पोशाखात. मला वाटलं, फायनलचा आनंद आहे. मी रोडेलला मधल्या खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, स्वतःच्या हाताने फेटा बांधला, शाल पांघरली, ओंजळीत नारळ दिला. मी त्याला हळूच सांगितलं की घट्ट धर. मग मी दोन शब्द बोललो, अर्धे हिंदीत, अर्धे इंग्रजीत. मंडळातल्या भाषणातली वाक्यं जिभेवर होतीच. आज जुळलेलं हे नातं असंच दृढ होत जावो. आजपासून आपण दोन संघ नाही, एक संघ. दोन्ही कुटुंबांसाठी हा सोन्याचा दिवस. दाजी, मी फुटबॉलबद्दल बोलत होतो. पण ‘फुटबॉल’ हा शब्द मी अख्ख्या भाषणात एकदाही उच्चारला नाही, हे नंतर इशिताच्या फोनमधला व्हिडिओ बघताना लक्षात आलं.

प्रज्ञाने आपल्या रीतीने लिगायाची ओटी भरली, पहिल्यांदा घरी आलेली बाई म्हणून. (निदान तेव्हा मला तसं वाटलं.) पेढे फिरले. लिगायाने डोळे पुसले, बोटातली अंगठी काढली आणि इशिताच्या बोटात घातली. मला वाटलं, सत्काराची परतफेड करायची त्यांच्याकडे अशी पद्धत असेल. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी मीच वाजवल्या. इशिता येऊन माझ्या गळ्यात पडली. दहावीनंतर ती अशी कधी गळ्यात पडलेली नाही. म्हणाली, “बाबा, यू डिड इट सो ब्यूटिफुली.” मी म्हणालो, अगं, प्रास्ताविक अजून चांगलं होऊ शकलं असतं.

निघताना मार्लन म्हणाला की उद्या दुसरा सामना आहे, अंकल, करामाला आमच्याकडेच या. कसला दुसरा, असं मी विचारलं. मग त्याने लिफ्टपाशी उभं राहून मला अतिशय अदबीने समजावलं की इथे सेमीफायनल दोन सामन्यांची असते, एक तुमच्या गावी, एक आमच्या, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल लागतो. रोडेल शेजारीच उभा होता, फेट्यात. ज्या गोष्टीबद्दल मी त्याचा सत्कार केला होता ती अजून घडलेलीच नव्हती. रात्रभर मला वाटत होतं की माझी फजिती झाली ती एवढीच.

सोमवारी ऑफिसमधून तसाच करामाला गेलो. प्रज्ञा आणि इशिता आधीच पोचल्या होत्या. छोट्या हॉलमध्ये बरीच माणसं, सगळी निळ्या जर्सीत. रोडेलने टीव्हीचा आवाज बंद करून सगळ्यांना माझी ओळख करून दिली, ‘माय बलाए’ म्हणून. टाळ्या झाल्या. मी मार्लनला विचारलं की बलाए म्हणजे प्रमुख पाहुणा का. तो म्हणाला, नाही अंकल, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला असं म्हणायचं असतं. म्हणजे व्याही. मग त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की नारळ, शाल, कुंकू आणि ओटी म्हणजे मराठी साखरपुडा, हे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं आणि घरच्यांना तयार करून आणलं होतं. (पोरगा माझ्यासारखाच आहे. स्वतः शिकलेला.) मी प्रज्ञाकडे बघितलं. ती शांतपणे शेवया खात होती. हळूच म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही शेवटी मनावर घेतलंत. मी देवापुढे साखर ठेवली हो.”

सामन्याबद्दल काय सांगू? थायलंडने दोन गोल चढवले, शेवटी शेवटी यांनी एक फेडला आणि एकूण हिशेब बरोबरीत आला. त्या क्षणी कुणीतरी मला उचललं. जादा वेळ मिळाला आणि तोही संपत आला असताना थायलंडने गोल केला. खलास. मला वाटलं, आता शाल परत येणार. रोडेलने टीव्ही बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बलाए, आता काय? शाल बँकॉकला कुरिअर करू?” सगळे खदखदून हसले. मीही हसलो. हसता हसता तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाला की मॅच गई तो गई, कल का दिन तो मेरा था. दुबईत इतकी वर्षं इंडियन लोगों के घर जाता हूँ, एसी ठीक करने. कुर्सी पे पहली बार बैठा.

दाजी, मी त्या माणसाला खुर्चीवर बसवलं ते त्याला गप्प बसवायला. लग्नाचा विषय काढू नये म्हणून. हे मला अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.

तर आता मुद्दा. हे सगळं गैरसमजातून झालंय आणि गैरसमजाला पाया नसतो. यातून दोन्ही घरांचा मान राखून बाहेर पडायचं तर वडीलधाऱ्याने मध्ये पडायला हवं. मार्लनची जन्मतारीख आणि वेळ सोबतच्या चिठ्ठीवर लिहून देतो. तुम्ही गुरुजींना दाखवा, किंवा नका दाखवू, पण मला कळवा की पत्रिका जुळत नाही, मोठ्यांची संमती नाही, मुरलीधरचा नाइलाज आहे. दोष तुमच्यावर येईल, पण तुम्ही गोलकीपर होतात, अंगावर घ्यायची तुम्हाला सवय आहे. अक्काला नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या, आणि मला माफ केलंत तर तसंही कळवा.

आपला,
मुरलीधर

ता. क. (शुक्रवार, ३ तारीख): जहूरभाई जायला अवकाश आहे म्हणून पत्र घरातच होतं. तुमच्या उत्तराची वाट बघण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं असं ठरवून आज एकटाच करामाला गेलो. चार वाक्यं पाठ केली होती. आत गेलो तर त्यांच्या देव्हाऱ्यात, बाळ येशूच्या शेजारी, शालीची घडी आणि त्यावर तो नारळ. लिगाया म्हणाली, बरं झालं आलात, हा आता फोडायचा की लग्नापर्यंत ठेवायचा ते आम्हाला कळेना. इशिताला फोनवर विचारलं तर ती म्हणाली की बाबांना विचारा, त्यांना सगळे नियम माहीत असतात. दाजी, नारळ उलटा ठेवलेला होता. शेंडी भिंतीकडे. ते मला बघवेना. मी पुढे होऊन तो फिरवला, शेंडी देवाकडे केली, आणि सांगितलं की असा ठेवा, लग्नापर्यंत. तसा नियम आहे की नाही मला ठाऊक नाही. ती चार वाक्यं तशीच परत घेऊन आलो. प्रज्ञाने विचारलं, कुठे गेला होतात? म्हटलं, व्याह्यांकडे.

ता. क. २ (रविवार, ५ तारीख): आज व्हिएतनामने फायनल जिंकली. (तीही दोन सामन्यांची होती. दोन्ही बघितले.) वर पत्रिकेबद्दल जे लिहिलंय ते रद्द समजा. जन्मतारखेची चिठ्ठी काढून घेतली आहे. खरं काम वेगळंच आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. अक्काला तुम्ही सांगायचं. इचलकरंजीवाल्यांचंही तुम्हीच बघायचं. सांगताना एवढं करा की मुरलीधरने पूर्ण विचार करून, मुलाची नीट चौकशी करून, शुद्धीवर असताना साखरपुडा केला असंच सांगा. हे चुकून झालंय हे तिला कळलं तर ती पुढच्या विमानाने दुरुस्त करायला येईल. ती माझीच बहीण आहे, दुरुस्त केल्याशिवाय परत जायची नाही. आणि दाजी, मला हे दुरुस्त व्हायला नको आहे.