फिनेलमध्ये बुडवलेला पोपट

नागपूर, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९७७

डोकं अजून शांत होत नाही. रामदासपेठेत आमच्या महिला मंडळाने दिवाळीची विक्री मांडली, तीही कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी. त्यात सखूबाईचं मण्यांचं तोरण होतं. दर शनिवारी मी त्या दवाखान्यात मण्यांचं काम शिकवते, तिथली ती पेशंट. बोटांना सुई टोचलेली कळत नाही, म्हणून प्रत्येक मणी नजरेने धरून ओवते. मधल्या हिरव्या पोपटाच्या लाल डोळ्यासाठी तिने तीनदा दोरा उसवला होता.

आज पाहते तर मण्यांचा रंग सोलवटलेला, दोरा फुगलेला, आणि पोपटाचा डोळाच गायब. अध्यक्षीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कढत पाण्यात फिनेल घालून बुडवून ठेवलं होतं. लोकांच्या मनात शंका नको." मंडळातल्या बायकांच्या भरतकामाला मात्र पाण्याचा थेंब लागला नव्हता.

लोकांच्या मनात, की तुमच्या? तोंडावर विचारायला हवं होतं. मी काय केलं? तोरण स्वतः विकत घेतलं आणि निघून आले.

सखूबाईने बजावून ठेवलंय, "बाई, माह्या पोपटाले कोणाचं दार भेटलं, मले सांगजा." उद्या सांगेन, माझंच. लाल मणी नवा ओवून घेईन.

असं ठरवत घरी आले आणि आधी हात धुतले. साबणाने, दोनदा. दर शनिवारी तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी मी.

तोरणाची पिशवी अजून दाराबाहेरच आहे.