तूर्तास बसेल असं एक वाक्य

आदरणीय दाजी,

हे टेबल, ही खुर्ची, वरचं फडताळ, दाराची चौकट आणि तुमच्याकडचं कपाट (ज्याचा खालचा खण ताई अलगद ओढते आणि तुम्ही हिसडा मारता) हे सगळं ज्यानं कुणाच्या हाताखाली न शिकता बनवलं, त्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. फक्त घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून शोरूमचे साहेब येणार होते. हाताला मोठं काम नाही, आणि इंग्रजीवाचून ते मिळत नाही, हे तुमचंच म्हणणं. तेव्हा ठरवलं, एकच वाक्प्रचार घ्यायचा, पण घोटून. लेकीनं ‘फॉर द टाइम बीइंग’ दिला. म्हणजे तूर्तास, पुढची सोय होईपर्यंत.

मी वाक्य केलं, ‘मी फॉर द टाइम बीइंग या खुर्चीवर बसलो आहे.’ लेक म्हणाली, “बाबा, एकदम बरोबर!” बरोबर कसं? सागवानी खुर्ची, नावाला खिळा नाही, नातवंडांना पुरेल. “अहो, खुर्ची नाही, बसणं तूर्तास!” मी उठणार आहे हे हिला कुणी सांगितलं? वाक्य खोडलं. मग पलंग घेतला, दार घेतलं, पोळपाट घेतला. घरात तूर्तासची एक वस्तू निघेना. शेवटी आतून बायको ओरडली, “मी या घरात फॉर द टाइम बीइंग आहे, हे लिहा!” वाक्य निर्दोष होतं. खरं आहे का, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

साहेब आले. म्हणाले, “काउंटरला भुशाच्या फळ्या ठोका, वरून सागवानाचा कागद चिकटवा. तीन महिन्यांनी तोडायचंच आहे. फॉर द टाइम बीइंग चालतं हो!” मला आठवडाभर न जमलेलं वाक्य त्यांनी उभ्या उभ्या केलं. मी हात जोडून म्हणालो, “फॉर द टाइम बीइंग, नाही.” तर ते खूश. “मग पुढच्या महिन्यात येऊ?” तेव्हा मराठीत सांगावं लागलं, नंतरही नाही.

आपला मेहुणा

ता. क. ताईला हे वाचून दाखवू नका. ती लगेच बायकोला सांगेल, आणि बायकोला मी ‘साहेब विचार करतायत’ एवढंच सांगितलंय.

ता. ता. क. आणखी कुठे शब्द टाकता आला तर टाका. वस्तू जागेवर राहणार असेल तिथेच.

ता. ता. ता. क. साहेब फोनवर वाढवून सांगतील, म्हणून मी काय सोडलं ते नेमकं लिहितो. नऊ काउंटर, पुढे सगळ्या शाखांचं काम, निम्मे पैसे आगाऊ. दोन लाख साठ हजार.