डावा, उजवा आणि दादा

३ मार्च

निर्णय घेतला. ठाम. हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं. पन्नाशी उलटली, मुलगी होस्टेलला गेली, आता नाही ऐकायचं तर कधी? टेप घेऊन हॉल मोजला. सौ.ने विचारलं, आहे त्या टीव्हीला काय धाड भरलीय. तुला नाही कळायचं, म्हटलं. तिने लगेच मान्य केलं. हे जरा संशयास्पद वाटलं.

सुरुवात शून्यापासून नाही. बाबांचा एक लाकडी स्पीकर माझ्याकडे आहे. जोडीतला दुसरा दादाकडे. वाटणीत भांडी, खुर्च्या, कपाटं सगळं सुरळीत अर्धं झालं आणि घोडं अडलं ते या स्पीकरांवर. दादा म्हणे जोडी मला, मी म्हटलं मला. शेवटी एकेक घेतला. तेव्हापासून बोलणं बंद. मला त्याचं काही वाटत नाही.

५ मार्च

स्पीकर दुकानात नेला. याला मॅचिंग दुसरा द्या, म्हटलं. दुकानदार म्हणाला, असा आता कोणी बनवत नाही आणि वेगळा लावला तर दोघांचं जमणार नाही. याचा जोडीदार कुठाय, असं विचारलं. वारला, म्हणून सांगितलं. सौ. शेजारीच उभी होती. ती रस्त्याकडे बघायला लागली.

८ मार्च, संध्याकाळ

वहिनीचा फोन. दादाच्या घशात गाठ आहे. स्वरयंत्रच काढावं लागणार. ऑपरेशन २९ तारखेला. त्यानंतर आवाज नाही. त्याआधी दादाला माझ्याशी बोलायचंय, स्वतःच्या आवाजात. तो फोन करत नाही, कारण मी उचलणार नाही अशी त्याला खात्री आहे. म्हणून भावोजी, तुम्हीच करा, म्हणाली.

करतो, म्हटलं. ठेवला. काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढून बघतो ना, तसं. चिमटा दिसतो फक्त. मग ॲम्प्लिफायरचा कॅटलॉग वाचला, शेवटपर्यंत.

९ मार्च

विचार केला. फोनवर काय बोलणार? कसा आहेस म्हणायचं आणि तो काय सांगणार? त्यापेक्षा सिस्टीम लागली की त्याला घरीच बोलवायचं. शेजारी शेजारी बसून ऐकायचं. बोलणं आपोआप निघेल. २९ला पुष्कळ अवकाश आहे. प्लॅन सौ.ला सांगितला. फोन उचला आणि लावा, त्याला स्पीकर लागत नाहीत, असं म्हणाली. हिला प्लॅनिंगचं वावडं आहे.

१३ मार्च

नवीन जोडी आली. ॲम्प्लिफायरही. दुकानदार माणूस पाठवतो म्हणत होता. दोन वायरी जोडायला माणूस कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे? स्वतः जोडल्या. वायर पारदर्शक, दोन्ही तारा सारख्याच दिसतात, त्यामुळे काम झटपट झालं. बाबांचा स्पीकर माळ्यावर.

उद्या ऐकून बघायचं आणि परवा दादाला फोन.

१४ मार्च

आवाज पातळ. गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे तेच कळत नाही. सोफ्यावर मधोमध बसलं की ती गायब. दारात जाऊन उभं राहिलं की बरी ऐकू येते. पण दारात उभं राहून कोण गाणी ऐकतं? दूधवाला?

निदान: ॲम्प्लिफायर कमी पडतोय.

१७ मार्च

मोठा ॲम्प्लिफायर आणला. दुकानदाराने तोंड पाडून बदलून दिला. आता मोठ्यांदा पातळ वाजतं. खालच्या काकू वर येऊन गेल्या. त्यांना वॅट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या ऐकून न घेताच गेल्या.

अशा अवस्थेत दादाला बोलावणं शक्य नाही. एक तर तो शाळेत असल्यापासून रेडिओ उघडून बसणारा. दारातूनच खोड काढेल.

२० मार्च

प्रयोग केला. डावा एकटा लावला: ठणठणीत. उजवा एकटा: ठणठणीत. दोन्ही एकत्र लावले की बासची पार वाट. सौ. भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, अगदी तुम्हा दोघा भावांसारखं.

निदान: इम्पिडन्स मिसमॅच. इंटरनेटवर ओहमबद्दल बरंच वाचलं. ऑफिसातही वाचलं. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. ओहम म्हणजे योगासन का, म्हणून विचारलं त्यांनी.

दादाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण इतक्या वर्षांनी फोन करून काय विचारायचं, तर माझा स्पीकर का वाजत नाही? इतका मी गेलेला नाही.

२३ मार्च

सबवूफर आणला. शोकेसमधले कप थडथडतात, काकू पुन्हा वर, आणि बाई अजून बेपत्ताच.

सौ. म्हणाली, आज तरी करा फोन. रविवारी करतो, म्हटलं. आज रविवारच आहे, म्हणाली.

२५ मार्च

दोष खोलीचा आहे. जाड पडदे लावले, गालिचा टाकला. सोफा हातभर मागे सरकवला, आता बाल्कनीचं दार उघडत नाही. कपडे वाळत घालायचे कुठे, यावरून सौ.शी वाजलं. ते मात्र अगदी स्पष्ट वाजलं.

वहिनीचे दोन मिस्ड कॉल. मग सौ.ला फोन. दादा म्हणे रोज संध्याकाळी फोनपाशी बसतो. आवाज आताच घोगरा झालाय, तरी घरात कोणाला बोलू देत नाही, स्वतःच बोलत सुटतो. सौ. सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, तुम्हाला काही होतं की नाही हो? मी आतल्या आत तपासून पाहिलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. थकवा असेल.

२८ मार्च

आज फोन करणार होतो. नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला. मग लक्षात आलं, उद्या ऑपरेशन. आदल्या दिवशी पेशंटला बोलायला लावून दमवू नये. हे माझं मत नाही, सगळ्याच डॉक्टरांचं असतं. शिवाय आवाज जाणारच असं थोडंच आहे? ही मंडळी आधी घाबरवून ठेवतात.

मला त्याचा विचार करावा लागतो. सगळ्यांचाच करावा लागतो.

२९ मार्च

सौ. सकाळीच हॉस्पिटलला गेली. मला सुट्टी होती, पण सेंटर स्पीकरची डिलिव्हरी यायची होती. घरात कोणीतरी हवं ना. दुपारी तिचा फोन आला. ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. बरं, म्हटलं.

डिलिव्हरी आली नाही.

३० मार्च

पडदे काढले. परत लावले.

२० एप्रिल, रविवार

दादा आणि वहिनी आले. सौ.ने परस्पर बोलावलं, मला काल सांगितलं. दादा पार वाळलाय. गळ्याला पातळ रुमाल. दारात त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, पूर्वीसारखी, जोरात. मी म्हटलं, ये, सोफ्यावर मधोमध बस.

मग मी बोललो. वॅट, ओहम, पडदे, गालिचा, दुकानदार, काकू. चहा गार झाला तरी बोलतच होतो. तो मान हलवत होता. सौ. स्वयंपाकघरातून दोनदा डोळे वटारून गेली. थांबलो असतो तर काय ऐकू आलं असतं, ते मला माहीत होतं.

शेवटी गाणं लावलं. दादाने जेमतेम एक कडवं ऐकलं. उठला, डाव्या स्पीकरच्या मागे गेला, गुडघ्यावर बसला. दोन वायरी काढल्या, उलट्यासुलट्या केल्या, परत खोचल्या. हात झटकत येऊन बसला.

बाई समोर येऊन उभी राहिली. बरोब्बर मधे. खालून बास आला, भरून आला. मोठा ॲम्प्लिफायर, सबवूफर, गालिचा, कशाचीच गरज नव्हती. एक वायर उलटी होती, एवढंच. एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. छातीत काहीतरी गलबललं. बासमुळे असावं.

कसं वाटतंय, म्हणून विचारलं मी. दादाने तोंड उघडलं, मिटलं आणि अंगठा वर केला.

निघताना तो जिन्यात वळला. माझ्या तोंडून गेलं, सवयीने, जो येतो त्याला म्हणतो तसं: पोचलास की फोन कर.

सौ.ने कपाळाला हात लावला. दादाचे खांदे गदगदा हलले. हसत होता. आवाज नव्हता. वहिनी म्हणाली, मी करते.

केला तिने. पोचलो, म्हणाली. दादाकडे दे, म्हटलं. तिने दिला असावा. पलीकडे श्वास ऐकू येत होता, खरखरीत. मी म्हटलं, दादा, तुला काय बोलायचं होतं रे माझ्याशी?

फोन त्याने ठेवला नाही. मीही नाही.