डावीकडचा मागचा स्पीकर

अण्णा, तुमच्या डाव्या कानाविषयी आपण दोघं कधी एक अक्षर बोललो नाही. आईशी बोलले, तेही तुम्ही गेल्यावर. आता मी तुम्ही नोकरी सोडलीत त्या वयाची झाले, आणि परवा माझ्या लेकाने घरात एक साउंडबार आणला. हातभर लांब पट्टी, टीव्हीखाली ठेवली की काम झालं. ना वायरी, ना खिळे. मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या वेळी या कामाला अख्खा रविवार लागायचा. तो "हौ मम्मी, ठीक है" म्हणाला आणि मोबाइलमध्ये शिरला. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून हे कागद घरात कुठेही पडले तरी मला धास्ती नाही.

बरकतपुऱ्याच्या घरातली सकाळ मला अजून दिसते. आई गॅसपाशी भाकरी थापतेय, तुम्ही बनियनवर लाकडी खुर्चीत, मांडीवर वही, आणि उजव्या हाताच्या फळीवर रेडिओ. बातम्या सुरू झाल्या की तुमची पेन्सिल सुटते. शॉर्टहँडच्या त्या बारीक रेघा आणि आकडे, कोंबडीने पाय उमटवल्यासारखे. निवेदक थांबला की तुम्हीही थांबता, आणि मग ते सगळं मला खडाखडा वाचून दाखवता, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कोर्टात स्टेनो म्हणून तुमच्या कानांचा केवढा दबदबा होता. एकदा दोन वकील साक्षीदाराच्या एका वाक्यावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा जज्जसाहेबांनी तुमची वही मागवली आणि तुम्ही वाचलंत तेच खरं धरलं. ही गोष्ट तुम्ही आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचात. आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. किराण्याच्या यादीच्या कडेलाही तुमच्या त्या खुणा असायच्या, आणि ती म्हणायची, "यात माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय देव जाणे."

जेवताना माझं ताट तुमच्या डावीकडे असायचं. मी शाळेतलं काही सांगायला लागले की तुमचा घास चालूच. दुसऱ्यांदा सांगितलं की कपाळाला आठी. "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. स्पष्ट बोल. कोर्टात असं बोललीस तर साहेब बाहेर काढतील." चौथीत मला कवितापाठात दुसरं बक्षीस मिळालं, ते मी तुम्हाला तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी तुम्ही रागावलात ते बक्षिसावर नाही, माझ्या उच्चारांवर. मी ताटावरून उठून गेले. स्कूटरवर मागे बसून तुमच्या डाव्या खांद्यावरून बोललेलं तर सगळं वाऱ्यावरच गेलं. शेवटी मी ओरडून बोलायला शिकले. अजून ऑफिसात मी फोन उचलला की शेजारच्या केबिनमधले लोक उठून दार लावतात, आणि मी त्यांना सांगते, माझ्या वडिलांची कृपा.

मला कळायला फार वर्षं लागली, हे मी कबूल करते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत तुमचा विसरलेला डबा घेऊन मी कोर्टात आले होते. नवे जज्जसाहेब आले होते आणि शिपायांनी तुमचं टेबल त्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं होतं. तुम्ही एकटेच, घामाघूम होऊन, ते टेबल ओढत परत डावीकडे आणत होता, म्हणजे साहेब तुमच्या उजव्या हाताला येतील. मला म्हणालात, "तिथं पंख्याने कागद उडतात." मी मान डोलावली. पण वर पाहिलं तर पंखा दोन्ही जागांच्या बरोबर मधोमध होता. मग आपल्या घरी फोन आला. आधी अर्ज करून लोक म्हातारे व्हायचे, आणि आता बघता बघता गल्लीत सगळ्यांकडे फोन. निरोप लिहून घ्यायचा तर माणूस रिसीव्हर डाव्या कानाला लावतो, उजव्या हाताने लिहितो. तुम्ही डाव्या हाताने रिसीव्हर धरून, तोंडासमोरून आडवा नेऊन, उजव्या कानाला लावायचात आणि तसं अवघडून लिहायचात. एक दिवस मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. दया यायला हवी होती, नाही का? मला संताप आला. इतकी वर्षं मी पुटपुटत नव्हते, अण्णा. मी अगदी स्पष्ट बोलत होते.

मग माझी नोकरी लागली, कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि शहराला जणू नवे पंखच फुटले. आबिड्सच्या दुकानांत परदेशी वस्तू राजरोस काचेत दिसायला लागल्या. पूर्वी त्या कुणाचा तरी मामा गल्फमधून बॅगेत दडवून आणायचा. मी घरात पाच स्पीकर आणि एक वूफर असलेलं होम थिएटर घ्यायचं ठरवलं. तुम्ही म्हणालात, "घरात थिएटर कशाला? नारायणगुड्यात चालत जाण्यासारखी आहेत की." पण दुकानात माझ्याबरोबर आलात, सेल्समनला उजवीकडे घेऊन सगळं नीट विचारलंत, आणि परतताना रिक्षात खोका मांडीवर घेऊन बसलात, मांडीवर मावत नव्हता तरी. शेजाऱ्यांना तुम्हीच सांगितलंत, "मुलीने आणलंय." ते तुम्ही किती तोऱ्यात सांगितलंत ते मी जिन्यातून ऐकलं.

जोडायला आलेले मिस्त्री मलकपेठेचे होते, मेंदी लावलेली दाढी, हळू बोलणं, कामाला पक्के. बैठकीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीवर एक, वूफर दिवाणाखाली. वायर सतरंजीखालून न्यायची की भिंतीवरून, यावर तुमचा आणि त्यांचा तासभर खल चालला. देवघराच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही म्हणून आई कमरेवर हात ठेवून उभी. मिस्त्री म्हणाले, "अम्मा, नक्को परेशान हो, उस दीवार कू हाथ बी नै लगाता." मग त्यांनी तुम्हाला मधल्या खुर्चीत बसवलं. ॲम्प्लिफायरमध्ये एक तपासणीचा आवाज असतो, वाफ सुटल्यासारखा, तो एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने फिरतो. "साब, आवाज जिधर से आया, उधर हाथ बताओ, बस." आधी ते स्वतः प्रत्येक स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले. पुढे डावा, मधला, पुढे उजवा, मागे उजवा, मागे डावा. तुम्ही त्यांच्याकडे बघत होता. एका फेरीत तुम्ही तो क्रम आणि त्यातलं अंतर टिपून घेतलंत, हे मी पाहिलं. स्टेनोच तुम्ही.

तेवढ्यात आत्या आणि आतोबा आले. आतोबा त्याच कोर्टात वरच्या मजल्यावर हेडक्लार्क, आणि तुमची टर उडवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. सगळे स्वयंपाकघरात गेले, आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. खाऊन झाल्यावर आतोबा म्हणाले, "चला, बघू तरी हे काय प्रकरण आहे." तुम्ही पुन्हा मधल्या खुर्चीत बसलात, पाठ ताठ. फेरी सुरू झाली. पुढे डावीकडे तुमचा हात गेला, मग समोर, मग उजवीकडे, मग मागे उजवीकडे, सगळं अचूक. आत्या कौतुकाने बघत होती. मग खोलीत काहीच वाजलं नाही. नुसती शांतता, दोन-तीन सेकंदांची. आणि तुम्ही मागे डावीकडे हात केलात.

आतोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, तिकडून आवाजच आला नाही. कोर्टाचे कान पेन्शनीत गेले वाटतं." तुमचा हात तसाच मागे राहिला, मग तुम्ही तो हळूच मांडीवर आणून ठेवलात. त्या बाजूचं तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, म्हणून टिपलेल्या क्रमाने आता तिथला आवाज आला असेल असं धरून तुम्ही हात केला होता. हे खोलीत दोघांना माहीत होतं, आईला आणि मला. मिस्त्री ॲम्प्लिफायरच्या मागे वाकले, त्यांना सुटलेली वायर सापडली. त्यांनी वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "माफ करो साब, मैंच भूल गया." तुम्ही त्यांना म्हणालात, "होता है मियाँ, काम में होता है." आणि आईला हाक मारून त्यांच्यासाठी आणखी चहा सांगितलात. तुमचा आवाज जराही हलला नव्हता.

त्यानंतर आपण त्या सेटवर कितीतरी सिनेमे बघितले. तुम्ही मधल्या खुर्चीत पुन्हा बसला नाहीत. सोफ्याच्या पार डाव्या टोकाला, भिंतीला डावा खांदा टेकून बसायचात. "इथून बरं दिसतं." आई तुमच्या उजवीकडे सुपारी कातरत. घोड्यांच्या टापा मागून आल्या की तिने दचकून मागे बघायचं आणि तुम्ही तिला हसायचं. किती बरे दिवस होते ते. पण एक गोष्ट गेली. त्या रविवारनंतर तुम्ही मला एकदाही "स्पष्ट बोल" म्हणाला नाहीत. न ऐकू आलेल्या गोष्टीला तुम्ही नुसती मान डोलवायला लागलात. ज्या बोलण्याचा मला इतका राग होता, ते कधी एकदा परत ऐकू येईल असं मला व्हायचं. मी मुद्दाम पुटपुटून बघितलं. तुम्ही मान डोलावलीत.

आतोबांनी तो किस्सा कोर्टात सांगितला असणार, ते कुठले गोष्ट पोटात ठेवणारे. दोन महिन्यांत तुम्ही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलात, अजून दीड वर्ष बाकी असताना. "आता कॉम्प्युटर आले, शॉर्टहँड कोण विचारतो. तुमच्याच लोकांनी आणले," असं म्हणून तुम्ही माझ्या पाठीत थाप मारलीत. मी ते लगेच मानलं. मला तेच मानायचं होतं. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं, माझ्या जन्माआधी तापात कान फुटला आणि नंतर त्यातून काहीच ऐकू येईना. ऑफिसात कळलं असतं तर नकला खात्यात कागद उतरवत बसवलं असतं. "तेवीस वर्षं त्यांनी एका कानावर काढली," ती म्हणाली, "आणि एक शब्द चुकला नाही." तिच्या बोलण्यात अभिमानच होता. रोज सकाळची ती पेन्सिल सरावासाठी चालत नव्हती, आज तरी निभेल का, हे तुम्ही बघत होता. हे कळल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मिस्त्री वायर विसरले नव्हते, अण्णा. तुम्ही सगळे खिचडी खात होता तेव्हा मी हात धुवायच्या निमित्ताने बैठकीत आले आणि ती काढली. तुम्हाला एकदा, फक्त एकदा, पकडायचं होतं. चारचौघांत तुम्ही म्हणावंत की मला ऐकू आलं नाही, पोरगी बरोबर बोलत होती. एवढंच हवं होतं. पुढे काय होईल याचा मी काडीमात्र विचार केला नाही. त्या भल्या माणसाने माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी त्याला दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

आणि हेही लिहून टाकते. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, दुपारी आई घरी गेली होती. पलंगाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या. मी डावीकडच्या खुर्चीत बसले, आणि तोंडातल्या तोंडात सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता. मग मान डोलावलीत, न ऐकू आलेल्या गोष्टीला डोलवायचात तशीच. मी ती माफी म्हणून घेतली आणि उठून उजवीकडे येऊन बसले.