वादी धाकटी, प्रतिवादी थोरली

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच परत पाठवलं असतंस, म्हणून पत्ता मुद्दाम टाइप केला. शिकाऊ सॉलिसिटरला एवढं तर सुचायलाच हवं. हो, शेहेचाळिसाव्या वर्षी मी शिकाऊ झाले आहे. ज्या ऑफिसात वीस वर्षं दुसऱ्यांचे दावे टाइप केले, तिथूनच आता परीक्षेला बसते आहे. गुरुवारी दिवाणी, शुक्रवारी फौजदारी. अभ्यास मी करते आणि भोगतात घरचे.

परवा मी ह्यांना विचारलं, चहा घेणार ना? तर म्हणाले, हरकत आहे, प्रश्नातच उत्तर सुचवलंय. माझ्याकडूनच ऐकून ऐकून शहाणे झालेत. निळा कप कोणी फोडला म्हणून लेकीला खडसावलं, तर तिने गप्प राहण्याचा हक्क बजावला. घरात तू एकटीच होतीस, म्हटलं. तर म्हणाली, मांजर होतं, आणि फौजदारीत वाजवी शंका उरली की आरोपी सुटतो. मांजराची उलटतपासणी घेता येईना, त्यामुळे ती सुटली. मुदतींचा तक्ता मी शेगडीच्या वर चिकटवला आहे. तो पाठ करता करता भाजी करपते, आणि मग अपिलाची मुदत किती, असं हे ताटावरूनच विचारतात. तू असतीस तर माझी बाजू घेतली असतीस. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत तरी नक्की.

आमच्या ऑफिसच्या मुख्य सॉलिसिटरना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. स्वभावाने कडक. मूळ कागद हातातून सोडायचा नाही आणि प्रत काढल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, हे त्यांचं पालुपद. ते माझ्या अंगात इतकं भिनलंय की परवा किराणा सामानाच्या यादीच्याही दोन प्रती काढल्या. त्याच बाईंनी महिन्यापूर्वी सांगितलं की पुस्तकातले खटले पुरे, आता घरातलं एखादं खरं भांडण घ्या आणि त्यावर दाव्यापासून पुराव्यापर्यंत सगळे कागद तयार करा. मला भांडण शोधावं लागलं नाही.

आईचं शिलाई मशीन. वादी मी, प्रतिवादी तू. आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायच्या दिवशी मशीन जागेवर नव्हतं आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुझ्यावर ठपका ठेवला, की ताईनेच ते परस्पर कोणाला तरी देऊन टाकलं. तू एवढंच म्हणालीस, की मी नाही दिलं, आणि चप्पल घालून निघून गेलीस. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. दावा मी असा झोकात लिहिला की बाईंनी समासात बरोबरची खूण केली. जिंकणारच, अशी माझी खात्री होती.

पण दिवाणीत एक नियम आहे, ताई. दोन्ही बाजूंनी आपापले कागद दाखवायचे, आणि जे आपल्याच विरुद्ध जातात तेही. लपवून चालत नाही. बाई म्हणाल्या, कागदांची यादी मनाने करू नका, खरे कागद शोधा. म्हणून आईच्या आजारपणाची फाइल काढली, जी मी तेव्हापासून उघडलीच नव्हती. औषधांच्या चिठ्ठ्यांमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची पावती होती. खाली सही माझी. आई हॉस्पिटलात होती त्या आठवड्यातली तारीख. मशीन अडकतंय म्हणून ती कुरकुरायची, घरी येईल तेव्हा तिला ते नीट चालताना दिसावं म्हणून मीच नेऊन दिलं होतं. आई घरी आलीच नाही, आणि तो आठवडा माझ्या डोक्यातून पार पुसला गेला. उरलीस ती तू, दोष द्यायला.

काल त्या दुकानात गेले. मशीन आहे. तेल घालून, जुन्या चादरीत गुंडाळून त्याने ते मागच्या फळीवर जपून ठेवलंय. म्हणाला, पावती दाखवेल त्याला देईन. पावती पर्समध्येच होती, तरी ती न दाखवता मी तशीच परत आले. ताई, चूक माझी होती. तू खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, ह्याची मला मनापासून लाज वाटते. नातेवाइकांना मी स्वतः सांगेन, एकेकाला. सोबत पावती पाठवते आहे. मशीन आता तुझं आणि माझ्याविरुद्धचा पुरावाही तुझाच. ही मूळ पावती आहे. प्रत मी काढलेली नाही.

तुझीच,
तुझ्यावर खोटा दावा लावणारी
धाकटी