दुखऱ्या जागी अंगठा

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कागदावरच घालतोय. खरा घातला तर मला उठवायला चार माणसं लागतील.

तुझा निरोप मिळाला. सुट्टीत यायला जमेल असं दिसत नाही. नातीला सांग, मामाआजोबाला गोदामात रजा नाही. वरच्या फळीवरचं खोकं शिडीशिवाय काढणारा तिथे मी एकटाच. अकरा हंगाम पैसे घेऊन बास्केटबॉल खेळलो, त्यातलं हाती उरलेलं कसब ते एवढंच.

रजा नाही हे खरं नाही. रजेवरच आहे, इस्पितळात. खाट आखूड पडते म्हणून पायाशी स्टूल लावून दिलंय. शेजारच्या खाटेवर एक शिंपी आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "राव, तुमच्या एका पायजम्यात माझ्या दोन्ही पोरांच्या विजारी निघतील!" परवापासून तो असली थट्टा करत नाही.

उजवा घोटा. तोच, ज्यात स्क्रू आहेत. हिवाळ्यात सुजला. इथली डॉक्टर म्हणजे पोरगीच आहे, तुझ्या लेकीएवढी. दर खेपेला दाबून विचारायची, "काका, दुखतंय का?" मी म्हणायचो, "छे! ही सूज जुनीच." आणि घरी आलो की भिंतीला धरून चालायचो.

खोटं का बोललात, असं ती परवा विचारत होती. रडवेली झाली होती बिचारी. तिला काय सांगू? आमचा प्रशिक्षक सामन्याआधी दुखऱ्या जागी अंगठा रुतवायचा आणि बघायचा तोंडाकडे. पायाकडे नाही. कपाळाला आठी पडली की बाकावर. माझ्या आधी त्या जागेवर खेळायचा तो माझ्याहून कितीतरी सरस होता. एकदा त्याच्या तोंडून "आई गं" निघालं आणि पुढच्या सामन्याला त्याची जागा मला मिळाली. तेव्हापासून कुणी दाबलं की माझं तोंड आपोआप हसरं होतं. लोक त्याला जिद्द म्हणायचे. तूही कात्रणं जपलीस.

आता पू हाडात गेलाय, वरपर्यंत. "महिनाभर आधी बोलला असतात तर..." एवढंच म्हणाली ती पोरगी. गुडघ्याखाली कापणार आहेत. गुरुवारी.

गोदामातला मुकादम काल येऊन गेला. सावकाश बरे व्हा, घाई नाही, म्हणाला. निघताना सांगितलं, त्यांनी शिडी घेतलीय.

फोनवर हे जमलं नसतं. तू "बरा आहेस ना?" विचारलं असतंस आणि मी "मजेत" म्हणून मोकळा झालो असतो. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर गुरुवार उलटलेला असेल. मुद्दामच. तू धावत आली असतीस, डॉक्टरांशी भांडली असतीस, आणि वाचवण्यासारखं तर काही उरलेलं नाही.

येशील तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नकोस. आधी चादर उचल. पाय नाही तिथे बघ, हवं तेवढं रड, मगच माझ्याशी बोल. मी हसत असेन. तू तरी फसू नकोस.

तुझा,
बांबू